डोन्या तोमासाच्या घरापासून दोन गल्ल्या वर

आमच्या संस्थेचा वर्षाचा अहवाल छापून आलाय. कागद असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडेल. त्यात आमच्या शाखेला दीड पान. फेब्रुवारीत ज्वालामुखीची राख, मे महिन्यात पाण्याचा खडखडाट, जुलैत तापाची साथ, ऑक्टोबरात पूर. किती मास्क वाटले, किती पिंपं पाणी दिलं, किती माणसं हलवली, सगळं आहे. माझ्या गाडीचासुद्धा फोटो आहे, आणि तोही नेमका पत्रा फाटलाय त्या बाजूनं. पण डोन्या तोमासाचं नाव? शोधून दाखवा. मी तीनदा शोधलं, चष्मा लावून शोधलं. नाही म्हणजे नाही. माझं डोकंच फिरलं.

म्हणून हे लिहितोय. मी एवारिस्तो, चिनान्देगाकडच्या 'मानो वेसिना'चा, म्हणजे 'शेजारचा हात' या संस्थेचा ड्रायव्हर. गाडी चालवणं आणि ती बंद पडली की ढकलणं, हे माझं काम. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण ज्यांना लिहिता येतं ते दीड पानात गुंडाळून मोकळे झाले, त्याला मी काय करू?

तर तोमासा मोंकादा; 'डोन्या' हे आमच्याकडं बाईच्या नावाला मानानं लावतात. वय पासष्ट. म्हणजे ती सांगते पासष्ट; गेली सहा वर्षं ती पासष्टचीच आहे. नदीकाठच्या आमच्या एल तामारिन्दो वस्तीत राहायची. नवरा कधीच गेला, मुलगी कोस्ता रिकात, घरात एकटी. सत्तावीस वर्षं तिनं मक्याच्या भाकऱ्या विकल्या. राख घालून मका शिजवायचा, पाट्यावर वाटायचा, खापराच्या तव्यावर हातानं थापून भाकऱ्या टाकायच्या, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून टोपलीत रचायच्या, टोपली डोक्यावर, आणि निघायचं. "भाकऱ्याऽऽ! गरम भाकऱ्याऽऽ!" आवाज असा की नदीच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागायची. रोज तीच वाट, तीच दारं, त्याच क्रमानं. शेवटचं दार ग्लादिसचं. ग्लादिस म्हणजे वस्तीतली सगळ्यात तिखट जीभ. रोज भाकरी हातात घ्यायची, उजेडात धरायची आणि म्हणायची, "तोमासा, लहान झाल्यात गं आज." सत्तावीस वर्षं रोज. त्या हिशेबानं भाकरी आतापर्यंत बटणाएवढी व्हायला हवी होती.

वस्तीचं नाव तामारिन्दो, म्हणजे चिंच. चिंच मात्र नाही. मी लहान होतो तेव्हाच विजेच्या तारा टाकायला ती तोडली. पण पत्ते अजून तिच्यापासूनच सांगतात. आमच्याकडं घरांना नंबर नसतात, गल्ल्यांना नावं नसतात. पत्ता सांगायचा तो कशापासून तरी सांगायचा, आणि ते 'काहीतरी' बहुतेक वेळा जागेवर नसतंच. चिंच होती तिथून एक गल्ली खाली. गिरणी जळाली तिथून वीस वार दक्षिणेला. 'वर' म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, 'खाली' म्हणजे मावळतो ती. जमिनीचा चढउतार जमिनीपाशी. यात अवघड काय ते मला अजून कळलेलं नाही, पण बाहेरच्या माणसाला घाम फुटतो.

ती आमच्या संस्थेत आली ती राखेमुळं. फेब्रुवारीत ज्वालामुखीनं तीन दिवस राख ओकली. आमच्या शाखेचे प्रमुख रुफिनो मास्तर, निवृत्त शिक्षक, फार सज्जन माणूस, वही घेऊन वस्तीत गेले. कुणाच्या घरात दमेकरी आहे, कुणाकडं तान्हं मूल आहे, छपरावरची राख झाडायला कुणाकडं धडधाकट माणूस नाही, सगळं लिहून घ्यायचं होतं. लोक दार किलकिलं करून "सगळे ठीक आहोत" म्हणत आणि आतून खोकत. मास्तर रडकुंडीला आले. डोन्या तोमासा टोपली घेऊन बाजूनंच चालली होती. तोंडाला फडकं, भुवयांवर राख. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मास्तर, विचारता कशाला? त्यांना मास्क नको, लाज राखायचीये," ती म्हणाली. "लिहा. ब्राउलियाकडं रोज चार भाकऱ्या जायच्या, मुलगा आल्यापासून सात जातात, आणि तो मुलगा छातीचा कच्चा आहे. चिलोकडं चौदा, घरात तीन पोरं. लिहिताय ना?"

मास्तर लिहीत सुटले. तासाभरात सगळी वस्ती वहीत. कुणाच्या घरात किती तोंडं, कोण आलं, कोण गेलं, कोण दात नसल्यामुळं भाकरी कॉफीत बुडवून खातं, सगळं तिला भाकऱ्यांवरून ठाऊक. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला संस्थेचं निळं जाकीट दिलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. "यात मी आणि माझी टोपली दोघी मावू," ती म्हणाली, आणि ते तिनं वर्षभर अंगातून काढलं नाही.

मे महिन्यात विहिरी आटल्या. पाण्याची टाकी माझ्या गाडीवर. मी आपला सरळ रस्त्यानं जायचा, तर ही शेजारच्या सीटवर बसून ओरडायची, "अरे थांब, एवारिस्तो! म्हातारी काय पिंप डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत येणार आहे? वळव!" "डोन्या तोमासा, गाडी रुतेल." "रुतली तर ढकलू." रुतायची, ढकलायचो. त्या महिन्यात मी इतकी गाडी ढकलली की माझे गुडघे अजून तिचं नाव घेतात.

जुलैत तापाची साथ आली तेव्हा मात्र मी मनातून तिला हात जोडले. एका सकाळी ती शाखेच्या दारात धापा टाकत उभी. "चिलोकडं चौदा जायच्या, आज त्याच्या बायकोनं पाच घेतल्या. चल." चिलो गवंडी, अभिमानी माणूस, मदत मागणार नाही. आम्ही गेलो तर तिन्ही पोरं चटईवर, डोळे लाल, एकाच्या हिरड्यांतून रक्त. चिलो दारात आडवा. "थोडा ताप आहे, उतरेल." डोन्या तोमासानं त्याला कोपरानं बाजूला केलं. "ताप उतरेल, तुझी मस्ती कधी उतरणार? उचल पोरगं!" तिघांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर मधल्याचं काही खरं नव्हतं. चिलो त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग ऑक्टोबर. सात दिवस पाऊस. आठव्या दिवशी सकाळी वरच्या धरणाकडून निरोप आला की दुपारपर्यंत नदी काठ सोडणार. मी गाडीवर कर्णा लावून वस्तीत फेऱ्या मारल्या. "घरं सोडा, शाळेत चला!" घसा फुटला. एक माणूस हलला नाही. दरवर्षी कर्णा वाजतो, दरवर्षी पाणी अंगणापर्यंत येऊन परत जातं, कोण हलतंय!

डोन्या तोमासानं मला गाडी बंद करायला लावली. रिकामी टोपली डोक्यावर घेतली आणि पावसात निघाली. "भाकऱ्याऽऽ! गरम भाकऱ्याऽऽ!"

सत्तावीस वर्षांची सवय हो! एकेक दार उघडलं, एकेक हात बाहेर आला. आणि त्या हाताचं मनगट धरून ती सांगायची, "भाकरी शाळेत. पोरं घे आणि नीघ." दोन तासांत एक्केचाळीस घरं रिकामी झाली. शेवटी ग्लादिस अडून बसली, कोंबड्यांशिवाय हलणार नाही म्हणून. डोन्या तोमासानं दोन्ही कोंबड्या टोपलीत कोंबल्या, वर फडकं बांधलं आणि ग्लादिसला पुढं घालून शाळेत आणलं. स्वतःच्या घराकडं वळायला वेळच उरला नाही. तवा, पाटा, नवऱ्याचा फोटो, सगळं तिथंच राहिलं. दोन वाजता नदी आली. एकही जीव गेला नाही. अहवालात लिहिलंय, 'यशस्वी स्थलांतर'. ते कुणी केलं ते लिहिलेलं नाही.

पाणी ओसरलं तेव्हा एल तामारिन्दो नव्हतं. म्हणजे पडलेलं, मोडलेलं असं नाही. नव्हतंच. भिंती मातीच्या, छपरं पत्र्याची, सगळं समुद्राकडं गेलेलं. इकडून तिकडं नुसता चिखल, गुळगुळीत, त्या अहवालाच्या कागदासारखा. लोक काठावर उभे राहून बघत होते. आपलं घर कुठं होतं ते कुणाला सांगता येईना.

आणि नेमकं तेच सांगायचं होतं. मुख्य कचेरीनं सांता मार्ताच्या टेकाडावर जमीन मिळवली होती. पक्की घरं बांधून मिळणार, पुन्हा कधी पूर नाही. पण अट एक: ज्याचं घर खरंच वस्तीत होतं त्यालाच. दुसऱ्या कुठल्या तरी गावात म्हणे शंभर घरं वाहून गेली आणि यादीत एकशे साठ नावं आली होती. म्हणून इंजिनिअर येणार, प्रत्येक घराची जागा प्रत्यक्ष बघणार, खूण करणार, सही करणार. सही झाली की यादी बंद, मग एक नाव आत नाही की बाहेर नाही. आमच्या लोकांचे कागद मुळात नव्हते, ज्यांचे होते त्यांचे समुद्रात गेले. म्हणजे एक्केचाळीस कुटुंबांचं छप्पर अडलं होतं ते एका चिखलावर.

बुधवारी मास्तरांनी नावांची यादी केली. डोन्या तोमासानं शाळेच्या स्वयंपाकघरात उसन्या तव्यावर भाकऱ्या टाकता टाकता ती सांगितली. पहिल्या दारापासून ग्लादिसच्या दारापर्यंत, फेरीच्या क्रमानं, न अडखळता. एक्केचाळीस नावं. मास्तरांनी ती त्याच दिवशी मुख्य कचेरीला कळवून टाकली.

गुरुवारी इंजिनिअरबाई आल्या. मिर्ता एचेवेरी, उरुग्वेच्या. उंच, सरळ, डोक्यावर मोठी टोपी, हातात एक यंत्र, ते आकाशाशी बोलून आपण पृथ्वीवर कुठं उभे आहोत ते सांगतं. बाई वाईट नव्हत्या हं. कडक होत्या. त्यांनी एकेका कुटुंबाला वर्गात वेगळं बोलावून विचारलं, म्हणजे एकमेकांचं ऐकून कुणी सांगू नये. मी दाराबाहेर बसून सगळं ऐकत होतो.

"तुमचं घर कुठं होतं?" त्यांनी चिलोला विचारलं.

"चिंच होती तिथून दोन गल्ल्या वर."

"कुठली चिंच? मला दिसली नाही."

"दिसेल कशी? नाहीच आहे ती."

"बरं. होती तेव्हा कुठं होती?"

"डोन्या तोमासाच्या दारासमोर."

"आणि वर म्हणजे चढाकडं?"

"नाही हो. वर म्हणजे वर. सूर्य उगवतो तिकडं."

"पण तिकडं तर उतार आहे!"

"असेना का!" चिलो म्हणाला.

मग म्हातारी ब्राउलिया. गिरणी जळाली तिथून वीस वार खाली. गिरणी कुठं होती? तोमासाच्या परसामागं. मग एक जण, बैल मेला तिथून डावीकडं. बैल कुठं मेला? डोन्या तोमासाच्या कुंपणाला. बाईंनी सगळं मुकाट लिहून घेतलं, शेवटी तर नुसतं 'तोमासाच्या घरापासून' असंच लिहायला लागल्या. दुपारी बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडची कॉफी घेतली.

"ही तोमासा कोण आहे?"

"सकाळपासून तुमच्या बशीत भाकरी टाकते ती," मी म्हणालो.

त्यांनी डोन्या तोमासाला बोलावलं, टेबलावर मोठा कोरा कागद पसरला आणि हातात पेन्सिल दिली. नदी काढून दिली होती. "यावर सगळी घरं दाखवा. तुमच्याशिवाय कुणाला येईल असं दिसत नाही." डोन्या तोमासानं पेन्सिल घट्ट धरली. तीन खुणा केल्या. एक खोडली. मग दुसरी. मग पेन्सिल हवेतच राहिली. कपाळावर घाम आला. एवढी वर्षं ओळखतो तिला, पण घाबरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सगळे दारा-खिडक्यांत जमून बघत होते, आणि त्यांच्या बघण्यानं ती आणखीच गोंधळली.

"मला कागदावर चालता येत नाही," ती शेवटी म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

इंजिनिअरबाई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी मला निघावं लागेल. जागा ठरल्या नाहीत तर मला सही करता येणार नाही." त्यांच्या आवाजात मस्ती नव्हती, पण सही करणार नाहीत एवढं खरं होतं. ग्लादिससुद्धा बोलली नाही, यावरून समजा.

शुक्रवारी सकाळी मी गाडीत बांबूच्या खुंट्या भरत होतो, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. डोन्या तोमासा आली. निळं जाकीट, डोक्यावर टोपली, वर पांढरं फडकं, आतून वाफ.

"किती आहेत?" मी विचारलं.

"रोजच्याच. मोजून. कागद डोक्याला कळत नाही रे, एवारिस्तो. पायांना विचारून बघते. त्यांना वजन लागतं."

चिखलाच्या काठावर सगळी वस्ती उभी होती. ती पलीकडच्या टोकाला गेली, जिथं फेरी सुरू व्हायची तिथं म्हणे. क्षणभर थांबली. डोळे मिटले, मान ताठ केली आणि निघाली. सपाट चिखलात ती मध्येच वळायची, मध्येच पाय उचलून काहीतरी ओलांडायची. तिथं काहीच नव्हतं, पण माझ्या बाजूचा माणूस कुजबुजला, "गटार! आमच्यासमोरचं गटार ओलांडलं तिनं!" मग ती थबकली आणि तिनं आरोळी दिली.

"भाकऱ्याऽऽ!"

"इथं!" ब्राउलिया ओरडली आणि चिखल तुडवत धावली. डोन्या तोमासानं सात भाकऱ्या मोजून हातात ठेवल्या. मी खुंटी ठोकली. इंजिनिअरबाईंनी यंत्र धरलं, कालचा कागद काढला, ब्राउलियाचं बोलणं वाचलं आणि दुसऱ्या खुंटीपाशी पहिलीपासूनचे वार मोजून मान हलवली. जुळलं.

मग काय विचारता! पुढचं दार, पुढची आरोळी, पुढचं "इथं!" पाच भाकऱ्या, नऊ भाकऱ्या, चौदा भाकऱ्या. चिलोच्या खुंटीपाशी बाईंनी शंका काढली, आठ वार फरक पडतोय म्हणाल्या. "खणा," डोन्या तोमासा म्हणाली. चिलोनं हातभर चिखल उपसला तर खाली त्याच्या उंबरठ्याची फरशी, त्यानं स्वतः बसवलेली, निळी. सगळ्या चिखलात टाळ्या वाजल्या. त्यानंतर बाईंनी शंका काढली नाही. दुपारी तीनला ती ग्लादिसच्या दारात पोचली. म्हणजे दार होतं तिथं. टोपलीत शेवटच्या तीन भाकऱ्या. ग्लादिसनं हात पुढं केला. भाकरी उजेडात धरली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"लहान झाल्यात," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

टोपली रिकामी. एक्केचाळीस खुंट्या. इंजिनिअरबाईंनी माझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून खाली सही केली, तारीख घातली, फोल्डर मिटलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मास्तर मोठ्यानं यादी वाचायला लागले. प्रत्येक नावाला आरडाओरडा. एक्केचाळिसावं नाव ग्लादिसचं. मग मास्तर थांबले. कागद उलटा करून पाहिला.

"डोन्या तोमासा," ते म्हणाले, "तुमचं नाव कुठंय?"

तिनं टोपलीकडं पाहिलं. मग आमच्याकडं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनं मोठेपणानं वगैरे काही केलेलं नव्हतं. ती विसरली होती. सत्तावीस वर्षांत एक दार असं होतं जिथं तिनं कधी भाकरी विकली नाही. आणि आम्ही एक्केचाळीस घरची शहाणी माणसं, आमच्यातही कुणाच्या ध्यानात आलं नाही. तोमासाचं घर कुठं, हे काय विचारायचं असतं?

"अगं बाई," ती म्हणाली. मग सावरून म्हणाली, "जाऊ दे. एकटी तर आहे. ग्लादिसकडं पडेन मी. कोंबड्यांत."

इंजिनिअरबाईंचा चेहरा उतरला. "यादी बुधवारीच वर गेली आहे. आता माझी सहीही झाली. माझ्या हातात असतं तर... पुढच्या टप्प्यात बघू. कदाचित पुढच्या वर्षी."

झालं. माझं डोकं सटकलं. वर्षभर त्या बाईनं मला ओरडून ओरडून गाडी वळवायला लावली, ते काय ती कोंबड्यांत निजावी म्हणून?

"उघडा ते फोल्डर!" मी म्हणालो.

"एवारिस्तो!" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही गप्प बसा. बाई, उघडा. पहिली ओळ वाचा. पत्ता."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग उघडलं. "तोमासाच्या घराच्या परसामागं, गिरणीपासून वीस वार खाली."

"दुसरी."

"तोमासाच्या घरापासून एक गल्ली वर."

"तिसरी!"

"तोमासाच्या कुंपणापासून..." त्या थांबल्या. बोटानं खालपर्यंत सगळी पानं चाळली.

"आता मला सांगा," मी म्हणालो, "तोमासाचं घर या वस्तीत नव्हतं म्हणता ना? मग ही एक्केचाळीस घरं कुठं होती? हवेत? तुमचं यंत्र खुंटी कुठंय ते सांगतं. तिथं घर होतं हे कुणी सांगितलं? ते घर खोटं असेल तर खोडा सगळी. माझ्या घरापासून सुरुवात करा, सतरावी ओळ!"

"खोडा!" चिलो ओरडला. "माझंही खोडा!"

"माझंही," ब्राउलिया म्हणाली. मग सगळीकडून "खोडा, खोडा" सुरू झालं. डोन्या तोमासा किंचाळली, "वेडे झालात का रे? गप्प बसा! पोरंबाळं आहेत तुमची!" कुणी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवाजावर दुसरे आवाज चढले.

इंजिनिअरबाईंनी पानं पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत उलटली. मग त्यांनी टोपी काढली. "यादीत नवं नाव घालता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण मोजणीला आरंभाची जागा लागते. ती नोंदली नसेल तर मोजणीच अपुरी. ही चूक माझी आहे, आणि माझी चूक मला दुरुस्त करता येते. मला कुणी अडवून दाखवावं." त्यांनी पेन काढलं आणि एक नंबरच्या ओळीच्या वर, समासात, लिहिलं: तोमासा मोंकादा. "आता पत्ता. कुठं होतं घर? कशापासून?"

सगळं जग डोन्या तोमासापासून मोजत होतं. ती कशापासून मोजणार? ती चिखलात इकडं गेली, तिकडं गेली. तिच्या पायांना ती वाट नव्हतीच. त्या वाटेवर भरली टोपली घेऊन ती कधी घरी आलीच नव्हती.

तेव्हा ग्लादिस पुढं झाली. तिनं डोन्या तोमासाच्या डोक्यावरची टोपली काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. आपल्या तीन भाकऱ्यांतली एक आत ठेवली, वर फडकं झाकलं आणि फेरी उलटी चालायला लागली. आपल्या खुंटीपासून मागं, चिलोच्या खुंटीवरून, ब्राउलियाच्या खुंटीपर्यंत. तिथून खाली वळली. सत्तावीस वर्षं तिनंही कुणाचं तरी येणं दारातून पाहिलंच होतं की. मोकळ्या चिखलात एका जागी ती उभी राहिली, आणि तिनं डोन्या तोमासाचीच आरोळी दिली, तिच्याच चालीत.

"भाकऱ्याऽऽ! गरम भाकऱ्याऽऽ!"

पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकली. आणि डोन्या तोमासा, जिला आजवर कुणी दारात येऊन हाक मारली नव्हती, ती ते मोठं निळं जाकीट सावरत धावली, बरोबर त्या जागी आली आणि टाच रोवून उभी राहिली.

"इथं!" ती म्हणाली.

इंजिनिअरबाईंनी पत्त्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं: 'इथं.' मी खुंटी ठोकली, पण माझे डोळे भरून आले होते, पहिला घाव अंगठ्यावरच बसला.

ग्लादिसनं फडकं उचललं आणि ती एक भाकरी मोजून तिच्या हातात ठेवली. डोन्या तोमासानं ती घेतली. उलटी केली, सुलटी केली. उजेडात धरली.

"ग्लादिस," ती म्हणाली, "लहान आहे गं ही."